पायडल आणि किक

पुण्यात हल्ली सायकलवाले आणि मोटरसायकलवाले ही दोन वेगळी गावं झाली आहेत. रविवारी उजाडता उजाडता खडकवासल्याच्या रस्त्यावर दोन्ही गावांची माणसं एकमेकांना भेटतात, पण ओळख दाखवत नाहीत. सायकलवाल्याला वाटतं, इंजिनाच्या जोरावर सिंहगड चढलास तर त्यात तुझं काय? मोटरसायकलवाल्याला वाटतं, एवढा जीव काढून डोणज्यापर्यंत जायचं, तेवढ्या वेळात मी वाईला जाऊन येईन. मी लहानपणापासून दोन्ही चालवत आले, आजही चालवते, आणि मला ही फाळणी मुळातच मान्य नाही. दोन्हींतला आनंद एकच आहे. तो वेगात नाही, व्यायामात नाही, पेट्रोल वाचवण्यात तर नाहीच नाही. वळण येतं, अंग आपोआप आत झुकतं आणि त्या झुकण्याच्या मागोमाग गाडी वळते, तिथे तो आनंद आहे.

चारचाकीत वळणावर आपण बाहेरच्या बाजूला ढकलले जातो, दाराला टेकतो, कुणीतरी आपल्याला हलवतंय असं वाटत राहतं. दोन चाकांवर उलट होतं. आपण वळणाच्या पोटात झुकतो आणि सगळा भार पाठीच्या कण्यातून सरळ सीटमध्ये उतरतो. रस्ता कितीही वळो, अंगाला धक्का नाही. हे सुख सायकलवर ताशी पंधराच्या वेगात मिळतं आणि बुलेटवर साठच्या वेगातही मिळतं. फरक असलाच तर मात्रेचा.

दोघी तशा एकाच पिढीच्या आहेत. इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीने दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचं चाक फिरवणारी 'रोव्हर' सायकल आणली ती १८८५ मध्ये. आज आपण जिला सायकल म्हणतो तिचा घाट तेव्हाच ठरला. त्याच वर्षी जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर पेट्रोलचं इंजिन बसवून ती चालवून दाखवली. म्हणजे साधी सायकल पूर्णपणे रांगेला लागायच्या आतच तिची इंजिनवाली बहीण जन्माला आलेली होती.

माझ्या लहानपणीचं पुणं सायकलींचं होतं, हे आता सांगून सांगून गुळगुळीत झालं आहे, पण खरं आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली. कॉलेजांच्या आवारात स्टँडवर सायकल लावायला जागा नसायची. संध्याकाळी दिवा नसला की चौकात पोलीस अडवायचा, म्हणून डायनामो नसलेले लोक हातात बॅटरी धरून चालवायचे. सदाशिव पेठेत आमच्या वाड्याच्या कोपऱ्यावर एक सायकलवाले काका तासाच्या भाड्याने छोट्या सायकली द्यायचे. वहीत नाव आणि वेळ लिहायचे आणि परत आल्यावर आधी चाक गरकन फिरवून बघायचे. चाकाला आऊट आला, म्हणजे रिम वाकडी झाली असेल तर त्यांना ते नुसत्या आवाजावरून कळायचं. मग सायकल उलटी ठेवून, एक एक आरा अंगठ्याने दाबून, किल्लीने पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. मी तासन् तास तिथे उभी राहायचे. चाक फिरतंय, खडूचा तुकडा रिमच्या जवळ धरलाय, जिथे रिम बाहेर आलीय तिथे खडूची रेघ उठतेय, आणि प्रत्येक फेऱ्यात ती रेघ आखूड होत चाललीय. शेवटी खडू कुठेच लागत नाही. माणसाच्या हाताने इतकं अचूक काम होतं हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

सायकलने मला हे शहर शिकवलं, विशेषतः त्याचे चढउतार. बसमधून जाणाऱ्याला पुणं सपाट वाटतं. पायाला विचारा! सगळं गाव मुठेकडे उतरतं. कोथरूडहून डेक्कनला येताना पायडल मारायची फारशी गरज पडत नाही आणि परत जाताना कर्वे रस्ता संपता संपत नाही. विद्यापीठाकडून शिवाजीनगरला या, वारा कानात भरतो. सेनापती बापट रस्त्याचा चढ उन्हाळ्याच्या दुपारी दम काढतो. ज्यांच्या नावाचा तो रस्ता आहे त्यांनी १९२१ मध्ये मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभारला. पुढे मी मोटरसायकलवरून त्याच मुळशीच्या पाण्याच्या कडेकडेने ताम्हिणीकडे जायला लागले, तेव्हा शहरातला तो चढ आणि ते पाणी माझ्या मनात जोडले गेले. चाकांवरून पाहिलेल्या जागा अशाच एकमेकींना जाऊन मिळतात. नकाशा आधी मांड्यांमध्ये तयार होतो.

मग लूना आली. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये काढलेली ही पन्नास सीसीची मोपेड. त्याच साली बजाजची चेतकही आली, महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. बाबांनीही लावला होता, आणि तो लागेपर्यंत घरातल्या बऱ्याच गोष्टी बदलून गेल्या होत्या. चेतकचा मान मोठा, पण मला विचाराल तर पुण्याचं खरं वाहन लूना. तिला पायडल होते! स्टँडवर चढवून पायडल मारायचे, इंजिन फुरफुरलं की स्टँड काढून निघायचं. पेट्रोल संपलं तर सायकलसारखी पायडल मारत पंपापर्यंत न्यायची. चढावर इंजिन दमलं की आपले पाय त्याच्या मदतीला. सायकल आणि मोटरसायकल या दोन जाती आहेत असं मानणाऱ्याने एकदा लूना चालवायला हवी होती. कुठे पाय संपतात आणि कुठे इंजिन सुरू होतं हे तिच्यावर सांगता यायचं नाही. कॉलेजच्या मुली, शिक्षिका, परिचारिका, भाजीची पिशवी पुढे अडकवलेल्या गृहिणी, गॅसचं सिलिंडर मागे बांधलेले गृहस्थ, सगळे तिच्यावर. या शहरातल्या बायका कुणाला न विचारता घराबाहेर पडू लागल्या, त्यात लूनाचा वाटा फार मोठा आहे असं मी मानते. आधी सायकलचा, मग लूनाचा. त्या काळात बाहेरगावाहून आलेले पाहुणे पुण्यातल्या मुलींना गाड्यांवरून भर रस्त्यात जाताना बघून थबकायचे. आम्हाला त्यात थबकण्यासारखं काही दिसायचं नाही.

मला गिअरची गाडी बाबांनी शिकवली. त्यांच्याकडे येझदी होती. म्हैसूरच्या कारखान्यात बनणारी, २५० सीसीची, दोन सायलेन्सरची टू-स्ट्रोक. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, पण येझदीचा आवाज एकदा कानात बसला की जात नाही. तिची एक खासियत मी आजही हौसेने लोकांना सांगते. तिला किक आणि गिअर अशा दोन दांड्या नव्हत्या, एकच होती. गिअरची दांडी पायाने आत दाबायची, वर फिरवायची, की तीच किक. गाडी सुरू झाली की परत खाली आणायची, की तोच गिअर. शिवाय गिअर टाकताना त्याच दांडीने क्लचही सुटायचा, त्यामुळे एकदा गाडी चालू लागली की डाव्या हाताला फारसं काम उरायचं नाही. एवढी बुद्धी एका लोखंडी दांड्यात भरलेली बघून मला लहानपणी त्या सायकलवाल्या काकांची आठवण यायची. दोन्हीकडे नेमकेपणाचं तेच सौंदर्य.

बाबांनी मला पहिली शिकवण दिली ती गाडी पळवण्याची नव्हती, घाट उतरण्याची होती. "अगं, उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून बसू नकोस. हिचं तेल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल गेलं नाही तर पिस्टनला तेल कुठून मिळणार?" येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं तेलाचं पात्र नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच आतून फिरत असतं. लांबलचक उतारावर थ्रॉटल बंद ठेवून इंजिन गरगर फिरू दिलं तर पिस्टन कोरडा पडतो. म्हणून मधूनमधून क्लच दाबून थोडं रेस करायचं, आत तेल पाठवायचं. कात्रजचा जुना बोगदा ओलांडून पलीकडे उतरताना बाबा मागे बसायचे आणि माझ्या खांद्यावर बोट टेकवायचे, आता रेस कर अशी खूण. त्या बोटाने मला शिकवलं की यंत्राला काय हवंय हे ऐकून घ्यायचं असतं. त्याला कान लागतात, आणि कान सायकलवर तयार होतात, कारण तिथे ऐकायला दुसरं काही नसतं. साखळी कोरडी आहे का, चेनकव्हर घासतंय का, मडगार्ड सैल झालाय का, सगळं आवाजात.

नोकरी लागल्यावर मी कायनेटिक होंडा घेतली. १९८४ मध्ये आलेली, गिअर नसलेली, बटण दाबलं की सुरू. फार सुखाची गाडी. लक्ष्मी रस्त्यावरून दिवाळीच्या गर्दीत जायला तिच्यासारखी दुसरी नव्हती. पण तिच्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. तिने सगळं स्वतःच केलं, माझ्यासाठी काही उरलं नाही.

चाळिशीच्या आसपास मी बुलेट घेतली. जुनी, लोखंडी सिलिंडरची, ३५० सीसी, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावून नारळ फोडला आणि मला म्हणाल्या, "जपून जा गं, पण जा." त्या "पण जा"ची किंमत मी कधी विसरणार नाही.

ही बुलेट सुरू करणं हा स्वतंत्र विधी आहे. आधी चोक. मग ॲमीटरकडे, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या काट्याकडे बघत किक सावकाश दाबत न्यायची. काटा डुलत असतो, तो बरोबर मध्यावर येऊन थांबतो तिथे आपणही थांबायचं. पिस्टन आता वर आलेला आहे. डाव्या हाताजवळची डीकंप्रेशनची छोटी दांडी ओढायची, म्हणजे सिलिंडरमधली कोंडलेली हवा सुटते. किक आणखी इंचभर खाली, दांडी सोडायची, किक पुन्हा वर येऊ द्यायची. आणि मग सगळं अंग उचलून, घाई न करता, एकच लांब पूर्ण किक. धडधड सुरू. ज्याला ताकद लावून ती सुरू करायची असते त्याच्या पोटरीवर ती उलट किक मारते. जो काटा बघतो त्याच्या एका पावलाने ती उठते. माझी अंगकाठी बारीक, तरी गॅरेजमधल्या पोरांना जी सुरू व्हायची नाही ती मला व्हायची. ते म्हणायचे, "ताई, तुमचं ऐकते ती." मीच तिचं ऐकत होते.

तिच्यावरून मी वरंधा घाट पहिल्यांदा उतरले. भोर सोडलं की रस्ता नीरा-देवघरच्या पाण्याला लागतो. पाणी कधी डावीकडे दरीत चमकतं, कधी झाडीत लपतं, आणि बराच वेळ साथ करतं. मग डोंगर जवळ येतात आणि वाघजाईच्या देवळापाशी गरमागरम भज्यांच्या टपऱ्या लागतात. तिथे थांबलंच पाहिजे. पुढे रस्ता कोकणात उतरतो आणि हवा बदलते. हे बदलणं गाडीच्या काचेआडून कळत नाही. वर गार आणि कोरडी हवा असते, मग एका वळणानंतर एकदम दमट ऊब मनगटांवर येते, पुढच्या वळणावर पुन्हा गार, आणि तीनचार वळणांनंतर ती ऊब कायमची होते. मातीचा वास बदलतो. सह्याद्रीची उंची आपण कातडीने मोजत उतरतो.

त्या घाटात मी एक गोष्ट मुद्दाम करून पाहिली. वेगात असताना उजवीकडे वळायचं तर हँडलची उजवी मूठ हलकेच पुढे ढकलायची. म्हणजे चाक क्षणभर डावीकडे वळतं! आणि गाडी उजवीकडे झुकते, मग उजवीकडे वळते. ऐकायला उलटं वाटतं, पण प्रत्येक दुचाकी अशीच वळते, सायकलसुद्धा. शाळकरी पोर सायकल शिकतं तेव्हा त्याला हे कुणी सांगत नाही; त्याचे हात आपणहून ते करायला लागतात आणि त्या क्षणी त्याला सायकल "येते". मला वरंध्यात जे जाणवलं ते हेच, की बुलेटवर मी नवीन काही करत नव्हते. पेठेतल्या भाड्याच्या सायकलवर जे हातांना आलं होतं तेच होतं, फक्त आता ते डोक्यालाही उमगलं.

आणि उमगलं म्हणावं तरी किती? दुचाकी स्वतःहून तोल का सांभाळते याचं उत्तर लोक वर्षानुवर्षं फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणात आणि पुढच्या चाकाच्या कलत्या बसणीत शोधत होते. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या काही संशोधकांनी अशी सायकल बनवली की जिच्यात हे दोन्ही गुण रद्द केलेले होते. तिला ढकलून सोडलं, तर माणूस नसतानाही ती सरळ चालत राहिली. वजन कुठे आणि कसं वाटलेलं आहे यालाही तितकंच महत्त्व आहे असं त्यातून दिसलं. पिढ्यान् पिढ्या पोरं चालवत आली तिचं कोडं इतक्या उशिरापर्यंत सुटत होतं, हे वाचल्यावर माझं तिच्यावरचं प्रेम दुप्पट झालं.

शहरातल्या आजच्या रहदारीबद्दल थोडक्यातच लिहिते. पुण्यात नोंदलेल्या गाड्यांची संख्या माणसांच्या पुढे गेली अशा बातम्या २०१८ मध्येच आल्या होत्या. सायकलसाठी आखलेल्या पट्ट्यांवर गाड्या लावलेल्या असतात. २०१७ च्या अखेरीस भाड्याच्या सायकली मोठ्या थाटात रस्त्यावर आल्या आणि थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण या शहराचा आकार, अंतरं, हवा, सगळं सायकलला अनुकूल आहे. आणि हेल्मेट. हेल्मेटसक्तीच्या विरोधात पुण्यात जेवढा आवाज उठला तेवढा चांगल्या पदपथांसाठी उठला असता तर! मी दोन्ही गाड्यांवर हेल्मेट घालते, बुलेटवर आयएसआयचा शिक्का असलेलं. ज्याला वारा आवडतो त्याला उद्याही वारा हवा असतो, एवढं साधं आहे ते.

सायकलकडे मी पन्नाशीनंतर नव्याने वळले, ती माझ्या भाचीमुळे. ती बीआरएम करते, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या राईड्स. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. कुणाला हरवायचं नसतं, क्रमांक नसतो, वेळेत पोचलेले सगळे सारखे. याचं मूळ फ्रान्समध्ये आहे, आणि तिकडची पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही बाराशे किलोमीटरची राईड दर चार वर्षांनी होते, नव्वद तासांची मुदत असते. भाचीला ती करायची आहे. तिने मला गिअरची सायकल घ्यायला लावली आणि पहिलाच धडा दिला, "मावशी, जड गिअर लावून गुडघे मोडू नकोस. हलका लाव आणि पाय फिरते ठेव." मला हसू आलं, कारण येझदीवर बाबांनी हेच सांगितलं होतं: चढावर इंजिन घुसमटायला लागण्याच्या आत गिअर कमी कर. आता इंजिन मी स्वतः आहे एवढाच फरक.

सिंहगड मी या सायकलवर चढले तेव्हा हे नीट कळलं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि गडाचा माथा तेराशेच्या पुढे. बुलेटवर गोळेवाडीपासूनचा घाट म्हणजे सुंदर वळणांची एक माळ होती. सायकलवर प्रत्येक वळणाला स्वतःचा स्वभाव निघाला. काही वळणं आतल्या बाजूने भिंतीसारखी उभी आहेत, तिथे बाहेरून, रस्ता मोकळा असेल तरच, थोडा वळसा घालून चढलं तर श्वास टिकतो. काही ठिकाणी चढ संपल्यासारखा वाटतो आणि संपत नाही. उतरताना ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापते, म्हणून मागचा-पुढचा आलटून पालटून, दाबून सोडत यायचं. हे आता माहीत झाल्यावर त्याच घाटात मी बुलेटही वेगळी चालवते. कुठल्या वळणावर सायकलवाला श्वासासाठी झगडत असेल हे मला ठाऊक असतं, तिथे मी हॉर्न वाजवत नाही आणि त्याला रुंद जागा सोडून जाते.

येत्या रविवारी भाची आणि मी हडपसरहून दिवे घाट चढून सासवडला जाणार आहोत, आणि परत येताना बोपदेव उतरून कोंढव्यात. दिवे घाट रुंद आहे, ज्ञानेश्वरांच्या पालखीचा रस्ता तो, चढ अंगावर येत नाही. बोपदेव मात्र उतरताना तीव्र आहे. ती सायकलवर असेल. मी काय न्यायचं ते अजून ठरलेलं नाही. तिचं म्हणणं, दोघींनी सायकलच न्यावी. माझा गुडघा शनिवारी काय म्हणतो त्यावर आहे, पण बुलेटची साखळी मी काल तेल घालून ठेवली आहे आणि सायकलमध्ये हवाही भरली आहे.